भाऱ्याखालची बाई

कामावर रुजू झाले त्या आठवड्यात मला शिकवलं गेलं की माणूस लाल असतो. झाड हिरवं, मोटारगाडी निळी, रस्ता जांभळा, जनावर पिवळं. यातलं काहीच नसेल ते राखाडी.

वर्ध्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मोबाईलच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही वीस-पंचवीस जणी आणि थोडे पुरुष सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कॉम्प्युटरसमोर बसून रस्त्यांचे फोटो रंगवतो. ड्रायव्हर नसलेल्या गाडीला डोळ्यांच्या जागी कॅमेरे असतात. पण कॅमेऱ्याला जे दिसतं ते काय आहे, हे गाडीला आधी कोणीतरी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. हा माणूस, ही गाय, हा खांब. ते सांगण्याचं काम आमचं. माउसने कडेकडेने रेघ ओढायची, आत रंग भरायचा, पुढचा फोटो घ्यायचा.

मी त्रेचाळीस वर्षांची होते. त्याआधी बरीच वर्षं कोर्टासमोर छत्रीखाली बसून लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. आधी टाईपरायटरवर, नंतर लॅपटॉपवर. कोणाचा सातबारा चुकलेला, कोणाचं रेशनकार्डावरचं नाव गाळलेलं. अर्ज झाला की मी तो मोठ्याने वाचून दाखवायची, आणि समोरच्याने मान हलवल्याशिवाय कागद हातात द्यायची नाही. कोरोनात कोर्ट बंद पडलं, छत्री मिटली, ती परत उघडलीच नाही. लोक मोबाईलवरून अर्ज करायला लागले होते. म्हणून बोरगाव मेघेहून रोज या ऑफिसात यायला लागले.

काम मला आवडलं, हे कबूल करते. हात स्वच्छ, डोक्यावर पंखा, आणि माझी रेघ फार नेमकी यायची. पहिल्या दोन महिन्यांत भिंतीवर लावलेल्या गुणांच्या यादीत माझं नाव वरून तिसरं होतं. ऑफिसातल्या बहुतेक मुली माझ्या निम्म्या वयाच्या. त्या मला काकू म्हणायच्या आणि कडा अवघड असली की फोटो घेऊन माझ्याकडे यायच्या. सायकलच्या चाकाचे आरे, कुत्र्याची शेपटी, असलं काहीही.

मग आपल्याकडचे फोटो यायला लागले. तोवर सगळे परदेशातले रस्ते असायचे, मोकळे, पांढऱ्या पट्ट्यांचे. आता ज्या कंपनीसाठी आम्ही रंगवायचो तिची एक गाडी कॅमेरे लावून नागपूर-वर्धा रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या गावांच्या रस्त्यांवर फिरत होती. ओळखीची वळणं दिसली की मुली ओरडायच्या, "काकू, पाहा पाहा, सेलूचा फाटा!" बैलबंडीला कोणता रंग, यावर अर्धा दिवस गेला. बैल पिवळे, बंडी राखाडी, वर बसलेला माणूस लाल. अंगणात घालावं तसं सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेलं, ते जांभळं की राखाडी, यावर तर वरूनच उत्तर आलं नाही.

आणि एके दिवशी ती बाई आली.

फोटो मागून काढलेला होता. कापूस वेचून संपला की शेतातली पऱ्हाटी उपटतात आणि वाळलेल्या काड्यांचे भारे चुलीसाठी घरी नेतात. तसा एक भारा रस्त्याच्या कडेने चालला होता. भारा इतका मोठा, इतका रुंद, की त्याखालचं डोकं, खांदे, पाठ, काही दिसत नव्हतं. खाली फक्त घोट्याच्या वर खोचलेलं लुगडं, दोन पाय, आणि वर भाऱ्यात रुतलेली एका हाताची बोटं. मी न थांबता त्या पूर्ण आकाराभोवती रेघ ओढली आणि आत लाल भरला. लग्न होईपर्यंत मी स्वतः असे भारे वाहिले होते. केळझरजवळ माझं माहेर. शेतापासून घरापर्यंत डांबरी रस्त्यानेच यावं लागायचं. भाऱ्याखालून समोरचं फक्त चार पावलांपुरतं दिसतं, आणि मागून गाडी आली तर ती कानांनीच कळते.

दुपारी आमची टीम लीडर माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. नागपूरची मुलगी, इंजिनिअरिंग झालेली, बोलायला मोकळी.

"काकू, हे झाड लाल काऊन केलं?"

"झाड नाही ते. बाई आहे."

तिने फोटो मोठा केला. "हो ना, पाय दिसून राह्यले. पण रूल काय आहे? जे जास्त दिसते, त्याचा रंग. माणूस निम्म्याहून कमी दिसला, तर जे मोठं दिसते ते धरायचं. इथं काड्याच दिसतात. मतलब हिरवा."

"झाड चालत नाही," मी म्हणाले.

"फोटोत कोणीच चालत नाही ना काकू."

तिने रंग बदलला आणि ती गेली. पडद्यावर रस्त्याच्या कडेला एक हिरवं झुडूप उभं राहिलं, शेजारच्या बाभळीला चिकटून. बाई गेली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. तो वर्धा स्टेशनवर ऑटो चालवतो. माझ्या नोकरीवरून तो मला रोज चिडवायचा. "तुमची ते बिना ड्रायव्हरची गाडी आली म्हणजे माहा ऑटो भंगारात. तू बसल्या जागी माह्याच पोटावर पाय देऊन राह्यली." पण त्या दिवशी त्याने ताट पुढे सरकवलं आणि विचारलं, "झाड दिसलं तर ते गाडी काय करते?"

"काही नाही. कडेच्या झाडाले पाहून थांबत नाही."

"मंग तर ते तुह्या वहिनीच्या अंगावरूनच जाईन."

माझी वहिनी अजून भारे वाहते. गावात गॅस आला आहे, पण सिलेंडर पुरवून वापरायचं म्हणून पाणी तापवायला, बैलांचं आंबोण शिजवायला पऱ्हाट्याच लागतात. मी त्या फोटोतल्या बाईचे पाय आठवून पाहिले. वहिनीचे होते का, ते सांगता येत नव्हतं. पण ते कोणाचे तरी होते. झुडपाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी आधी टीम लीडरकडे गेले. आमच्याकडे फोटो ओळीने येतात, एकामागून एक काढलेले. मी तिला पाच फोटो एकाखाली एक लावून दाखवले. बाभूळ तिथेच होती. भारा दर फोटोत थोडा पुढे सरकला होता, आणि पाचव्यात रस्ता ओलांडायला वळला होता.

"आता सांग. झाड रस्ता ओलांडते का?"

तिने पाचही फोटो पुन्हा एकदा वरून खाली पाहिले. मग हळू आवाजात म्हणाली, "मले समजून राह्यलं काकू. पण चेकिंग बाहेरून होते. रूलच्या बाहेर गेलं की तुमची चूक धरतात."

"धरू दे."

आणि त्यांनी धरली. माघ-फाल्गुनाचे दिवस, पऱ्हाटी उपटायचा हंगाम. दर दोन-चार दिवसांनी एखादी भाऱ्याखालची बाई यायचीच. कधी तुरीच्या तुराट्या, कधी गवत, कधी कुटाराचं, म्हणजे भुशाचं, मोठं गाठोडं. मी प्रत्येकीला लाल केलं. प्रत्येक फोटो चुकीचा शेरा घेऊन परत आला. मी तो तसाच, रंग न बदलता, पुन्हा पाठवला. फोटोखाली शेरा लिहायची जागा असते. मी तिथे मराठीत टाईप केलं, 'ही बाई आहे.' उत्तर आलं, शेरा इंग्रजीत लिहा. मी इंग्रजीत लिहिलं. इतकं इंग्रजी मला येतं. भिंतीवरच्या यादीत माझं नाव घसरत खालून दुसरं झालं. माझ्याही खाली एक मुलगी होती, पण ती टायफॉईडने सुट्टीवर होती.

बाकीच्या मुली माझ्याकडे कडा विचारायला येईनाशा झाल्या. एकदा डबा खाताना एक जण म्हणाली, "काकू, आपल्याले काय करायचं आहे? ते म्हणतात हिरवं तर हिरवं." तिची आई मजुरीला जाते, हे मला माहीत होतं. मी विचारलं, "तुही माय भारा आणते ना?" तिने मान खाली घातली आणि पोळी मोडत बसली. मला तसं बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यावेसे वाटले नाहीत.

शेवटी लेखी खुलासा मागितला गेला. सूचना देऊनही दुरुस्ती का केली नाही, ते चोवीस तासांत कळवा. मला हसू आलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे खुलासे टाईप केले होते. माझ्या स्वतःच्या नावाचा हा पहिलाच. सवयीने वर 'महोदय' लिहिलं, मग पुसलं. लिहिलं ते एवढंच, की फोटोत बाई आहे, मी तिला बाई म्हटलं आहे, यात माझी चूक नाही. तुमच्या नियमाने ती झाड होत असेल तर नियम चुकला आहे. मी दुरुस्ती करणार नाही. टाईप झाल्यावर मोठ्याने वाचलं, स्वतःलाच. मान हलवली आणि टीम लीडरकडे पाठवलं.

टीम लीडर धावत आली. "काकू, नोकरी जाईन ना तुमची!"

"जाऊ दे."

घरी बसून काय करणार होते, ते मला ठाऊक नव्हतं. कोर्टासमोरची जागाही आता एका झेरॉक्सवाल्याने घेतली होती. पण एकदा वाटलं, इतक्या माणसांचं गाळलेलं नाव परत लावून द्यायला मी उन्हात बसले, आणि आता पंख्याखाली बसून मीच कोणाला तरी गाळायचं? ते माझ्याने होणार नव्हतं.

टीम लीडरने काय केलं ते मला नंतर कळलं. तिने माझा खुलासा वरच्या साहेबांकडे पाठवलाच नाही. तो इंग्रजीत करून, माझ्या पाच फोटोंसकट, तिने थेट त्या गाडीवर काम करणाऱ्या इंजिनिअरला पाठवला. तिचीही नोकरी जाऊ शकत होती. मी तिला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "तुम्ही तो फोटो दाखवला ना, तवापासून मले रस्त्यानं जाताना झाडंच दिसत नव्हते. हर झाडाखाली पाय शोधून राह्यली होती."

इंजिनिअर आठवड्याभराने आला. पुण्याचा, तिशी ओलांडलेला, बारीक आवाजात बोलणारा. गाडी नागपुरात होती, ती घेऊन तो वर्ध्याला आला. आम्हाला सगळ्यांना बसवून त्याने नीट समजावलं. रस्त्याकडेच्या प्रत्येक फांदीला गाडी घाबरली तर ती दर दहा पावलांवर थांबेल, म्हणून झाडोऱ्याकडे दुर्लक्ष करायला तिला शिकवलेलं असतं. "पण ताई, काळजी करू नका. नुसत्या रंगावर ती चालत नाही. आणखी सेन्सर आहेत. समोर घन वस्तू आली की ती थांबतेच."

"मंग थांबवून दाखवा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आमच्या गावाच्या रस्त्यावर. खऱ्या भाऱ्यासमोर."

तो हसला नाही, हे त्याचं मला आवडलं. त्याने फोनवर कोणाशी तरी बराच वेळ बोलून घेतलं. मग म्हणाला, उद्या सकाळी.

माझ्या माहेरच्या गावाला मोठ्या रस्त्यापासून एक फाटा जातो. सकाळची एसटी येऊन गेली की दुपारपर्यंत तिथे मोठं वाहन नसतं. आम्ही पोचलो तेव्हा वहिनी भारा बांधून, डोक्यावरची चुंबळ हातात घेऊन उभी होती. नवरा मला ऑटोने घेऊन आला होता, आणि त्या पांढऱ्या गाडीभोवती फेऱ्या मारून तिच्या टपावरचं फिरतं यंत्र पाहत होता. गाडीत एक ड्रायव्हर होता. स्टीअरिंगला हात लावायचा नाही, पण पाय ब्रेकवर ठेवायचा, ही त्याची नोकरी. टीम लीडर आणि इंजिनिअर मागे पडद्यासमोर बसणार होते.

इंजिनिअर म्हणाला, "भारा एका स्टूलवर ठेवू या. माणूस नको."

"स्टूल भारा घेऊन चालते का साहेब?" वहिनीने विचारलं. "मी चालतो ना. रोजच चालतो."

मी तिच्या हातातून चुंबळ घेतली. "तू नाई. हे माहं भांडण आहे."

नवरा पुढे आला. "काही गरज नाई. नोकरीसाठी अंगावर गाडी घेशीन का?"

"नोकरीसाठी नाई."

मग त्याने स्वतःच रस्ता मोजला, चुन्याची पुडी घेऊन, मी जिथे ओलांडणार होते त्या दगडाच्या बरीच अलीकडे डांबरावर आडवी पट्टी ओढली, आणि ड्रायव्हरच्या खिडकीत वाकून त्याला बजावलं, "दादा, गाडी थांबो नाई तर न थांबो, या पट्टीच्या पुढं आली तर मी तुले थांबवीन." ड्रायव्हर चांगला माणूस होता. त्याने जोडे काढले आणि अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला. म्हणाला, असं जास्त समजतं.

वहिनी आणि नवऱ्याने मिळून भारा माझ्या डोक्यावर दिला. वीस वर्षांत मान विसरली होती. काड्या खांद्यांवर आल्या, कानांवर आल्या, समोरचं जग चार पावलांचं झालं. मी कडेने चालू लागले, आणि ठरल्याप्रमाणे खुणेच्या दगडाजवळ रस्ता ओलांडायला वळले. मागून टायरचा आवाज येत होता, हळू, एकसारखा. तो कमी होईना. मी मोजत होते, पावलं नाही, श्वास. मग ब्रेकचा कर्कश आवाज आला आणि त्याच वेळी नवऱ्याची आरोळी.

भारा टाकून वळले तर गाडी चुन्याच्या पट्टीवर उभी होती. ड्रायव्हरने थांबवली होती. गाडीने नाही.

इंजिनिअर खाली उतरला. त्याचा चेहरा उतरला होता. "एकदा भाऱ्याशिवाय चालाल का?" मी नुसती चालले. गाडी लांबूनच हळू झाली आणि पट्टीच्या बऱ्याच अलीकडे, कोणी ब्रेक न दाबता, शहाण्यासारखी थांबली. मग पुन्हा भारा घेऊन. या वेळी गाडी जरा अडखळली, हळू झाली, आणि मग तिने ठरवलं असावं की हे झाडच आहे, कारण तिने पुन्हा वेग घेतला. ड्रायव्हरने थांबवली.

टीम लीडर दार उघडून बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "काकू, स्क्रीनवर तुम्ही हिरव्या होत्या."

"मी नुसता अडथळा असले तरी ती थांबायला पाहिजे होती ना?" मी इंजिनिअरला विचारलं. "घन वस्तू म्हणाला होतात तुम्ही."

"काड्यांमधून आरपार दिसतं काही सेन्सरना," तो म्हणाला. "भारा त्यांना घन वाटला नसेल. मला डेटा बघावा लागेल." मग थांबून, "अजून एकदा करू या? वेग आणखी कमी ठेवतो."

"करू ना," मी म्हणाले. "पण आता भारा तुम्ही घ्या."

नवरा हसायला लागला. वहिनीने तोंडाला पदर लावला. इंजिनिअरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. त्याच्या डोक्यावर वहिनीने चुंबळ ठेवली, आम्ही भारा चढवला. तो दोन पावलं गेला आणि डावीकडे झुकला, वहिनीने सावरलं. "मान सरळ ठेवा, साहेब. खाली पाहू नका, पडाल." तो चालला. वेड्यावाकड्या पायांनी चालला, पण दगडापर्यंत गेला आणि वळला. गाडी आली. आम्ही सगळे पाहत होतो. ती चुन्याच्या पट्टीपर्यंत आली आणि ड्रायव्हरने तिला तिथे थांबवलं.

भारा खाली ठेवल्यावर तो रस्त्याच्या कडेला बसला. कपाळावर ओरखडे उठले होते. "आतून काहीच कळत नाही हो," तो म्हणाला. "गाडी किती जवळ आली, काही कळलं नाही." वहिनीने त्याला तांब्याभर पाणी दिलं. "आमाले कळते," ती म्हणाली, "पण ड्रायव्हर पाहून राह्यला, एवढ्याच भरोशावर चालतो ना आमी." जाताना त्याला केळझरच्या गणपतीला जायचं होतं. नवऱ्याने गाडीला वाट दाखवली. ऑटो पुढे, पांढरी गाडी मागे, आणि या वेळी स्टीअरिंग ड्रायव्हरच्या हातात.

महिन्याभरात नियम बदलला. डोक्यावर किंवा पाठीवर काहीही असो, खाली माणसाचं एक पाऊल जरी दिसलं तरी तो पूर्ण आकार माणूस धरावा. माझ्या परत आलेल्या सगळ्या फोटोंवरचे चुकीचे शेरे काढले गेले. यादीत नाव वर गेलं. टीम लीडरने पेढे वाटले. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

पण त्यानंतर काही दिवसांनी आमच्याकडचे फोटो येणं बंद झालं. पुन्हा परदेशातले मोकळे रस्ते सुरू झाले. मी टीम लीडरच्या फोनवरून इंजिनिअरला विचारलं. त्याने लपवलं नाही.

"ताई, कंपनीने ठरवलं आहे की गाडी आधी फक्त मोठ्या शहरांच्या ठराविक भागांत चालवायची. गावांचे रस्ते यादीतून वगळले आहेत. तिथे गाडी आपोआप चालणारच नाही."

"म्हणजे बाई दिसत नव्हती म्हणून बाईचा रस्ताच काढून टाकला?"

तो म्हणाला, "असं म्हणता येईल."

"मग नियम कशाला बदलला?"

"नियम बरोबर आहे. तो राहील. पण खरं सांगू का? तुमचा रस्ता आम्हाला जमला नाही. आज तरी नाही."

कंपनीतल्या कोणाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य होतं. मी त्याचे आभार मानले आणि हेही सांगितलं की मला राग आला आहे. तो म्हणाला, यायलाच पाहिजे.

या पावसाळ्यानंतर आमच्या शहरातल्या एका कॉलेजात या गाड्यांवर व्याख्यान होतं. टीम लीडर म्हणाली, काकू चला. मोठे वक्ते होते, बाहेरून आलेले. पडद्यावर चित्रं दाखवत त्यांनी सांगितलं की ही गाडी आपल्या देशात यायला उशीर होतो आहे, त्याची कारणं काय. रस्त्यांवरच्या मिटलेल्या पट्ट्या. मोकाट जनावरं. नकाशे नाहीत. आणि मग म्हणाले, सर्वांत मोठा अडथळा म्हणजे आपल्या लोकांची बेशिस्त. रस्ता कसा वापरायचा हेच लोकांना कळत नाही. आणि पडद्यावर चित्र आलं, एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडते आहे. सभागृह हसलं.

मी उठून उभी राहिले. प्रश्नोत्तरांची वेळ झालेली नव्हती. कोणीतरी मागून "बसा बसा" म्हणालं.

"सर, ही बाई अडथळा नाही," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. "ही रस्ता वापरून राह्यली. पायानं रस्ता ओलांडून राह्यली, एवढंच तुमच्या चित्रात दिसते. तिनं कोणता नियम मोडला ते सांगा."

ते म्हणाले, "बाई, मी एक सर्वसाधारण मुद्दा मांडतो आहे."

"मी हिचाच मांडतो. मी अशा बायका रंगवल्या आहेत सर. तुमच्या गाडीले ही झाड वाटते. गाडीले दिसत नाही, तर कमी गाडीत आहे. बाईत नाही. आम्ही इथं पिढ्यान् पिढ्या चालून राह्यलो. गाडी नवी आहे, शिकायचं तिनं आहे. तिले येत नसेल तर ती थांबेल, आम्ही काऊन थांबायचं?"

सभागृहात हसू थांबलं होतं. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यात टीम लीडर एक. वक्ते म्हणाले की भावना समजू शकतो, पण तंत्रज्ञानाला थोडा वेळ द्यावा लागेल.

"देतो ना," मी म्हणाले. "लागेल तितका घ्या. पण वेळ पाहिजे असेल तर तुमच्या गाडीसाठी मागा. आमच्या नावानं नका मागू."

आणि मी बसले. वक्त्यांनी पुढचं चित्र लावलं.

शेवटी आभार मानताना आयोजकांनी प्राचार्यांपासून माईकवाल्यापर्यंत सगळ्यांचा उल्लेख केला. प्रश्न विचारणाऱ्यांचाही केला, माझा सोडून. बाहेर व्हरांड्यात चहा आणि समोसे ठेवले होते. टीम लीडर म्हणाली, "काकू, निघू या का? लोक तुमच्याकडेच पाहून राह्यले."

"पाहू दे," मी म्हणाले, आणि रांगेत उभी राहून दोन समोसे घेतले.